घोडीला कठडा

घोडा हे वाहन मला तत्त्वतःच मान्य नाही. त्याला कठडा नसतो. माणूस जमिनीपासून छातीइतक्या उंचीवर बसणार, खालचा पृष्ठभाग सतत हलणार आणि चारी बाजू मोकळ्या. असा जिना कोणी बांधला असता तर मी त्याच दिवशी त्याला टाळं लावलं असतं. मी इमारतींच्या सुरक्षा तपासणी खात्यात आहे. लोकांच्या जिन्यांवर जायचं, कठडा दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवायचा आणि शेरा मारायचा, हे माझं काम. इतकी वर्षं ते केल्यावर हाताला सवय लागते. कोणाकडे आजारी माणसाला भेटायला गेलो तरी मी आधी कठडा हलवतो आणि मग तब्येतीची चौकशी करतो. खात्यात मला पाठीमागे ‘कठडा’ म्हणतात. तोंडावर साहेब म्हणतात, पण म्हणताना एकमेकांकडे बघतात.

अशा माणसाच्या मुलीला घोड्यावर बसावंसं वाटावं, याला काय म्हणायचं? मुलीचं शाळेतलं नाव वेगळं आहे, पण एका जागी न बसण्याच्या गुणामुळे घरात आणि गल्लीत ती भिंगरी. मी तपासणीसाठी परगावी गेलो असताना तिच्या आईने तिचं नाव तबेल्यात घालूनही टाकलं. बायकोचं औषधांचं दुकान आहे. दिवसभर लोकांना ‘काही होत नाही हो, उतरेल दोन दिवसांत’ असं सांगून सांगून तिचा स्वभावच तसा झालाय.

“अहो, गावातली निम्मी मुलं जातात तिथे,” ती म्हणाली.

“आणि उरलेली निम्मी?”

“ती घरी बसून भांडतात.”

पहिल्या सकाळी मी भिंगरीबरोबर गेलो. खरं सांगायचं तर जागा वाईट नव्हती. तबेल्यामागे मोठं रिंगण, त्यावर गुडघ्याएवढं धुकं आणि त्या धुक्यात घोड्यांचे पाय नाहीसे झालेले. सगळे घोडे हवेत उभे आहेत असं वाटत होतं. गवताचा ओला वास येत होता. शिकवणाऱ्या कोचबाई एका उलट्या बादलीवर बसून कसलासा पट्टा शिवत होत्या. भिंगरीला मिळालेली घोडी करड्या रंगाची होती आणि तिचं नाव होतं दुपार. ती दिवसाच्या कोणत्याही वेळी नुकतीच जेवून आडवी होणार असल्यासारखी दिसायची, म्हणून ते नाव. तिच्या पापण्या अर्ध्याच उघडायच्या. तिला बघताबघता मलाही जांभया यायला लागल्या.

पण झोपेत असलो तरी मी खात्याचा माणूस. रिंगणाच्या कुंपणाची फळी मी हलवली, ती माझ्या हातात आली. ती तशीच हातात धरून मी फाटकाकडे गेलो. फाटक तारेने घट्ट बांधलेलं होतं.

“हा तुमचा आपत्कालीन मार्ग?” मी कोचबाईंना विचारलं.

“हे फाटक आहे.”

“वर्ग चालू असताना ते उघडं हवं. उद्या आग लागली तर?”

“धुक्यात?” कोचबाईंनी दोरा दाताने तोडला. “उघडं ठेवलं तर घोडे जातील की.”

मी माझं ओळखपत्र दाखवलं. दुसऱ्या दिवसापासून फाटक सताड उघडं, त्याला दगडाची अडण लावलेली. कोचबाई माझ्याशी त्यानंतर जरा तुटक बोलू लागल्या, पण सुरक्षेच्या कामात लोकप्रियता मिळत नाही हे मला ठाऊक आहे.

तिथली पद्धत अशी. सुरुवातीला घोड्याला एक लांब दोर बांधतात. कोचबाई रिंगणाच्या मध्ये तो धरून उभ्या राहतात आणि मूल घोड्यावर बसून त्यांच्याभोवती गोल फिरतं. मुलाची बैठक जमली की घरच्यांना विचारून दोर सोडतात. मग लगाम त्याच्या हातात, वाट त्याची. दोर सुटलेली मुलं मोसम संपताना सगळी मिळून बाहेर तळ्यापर्यंत फेरी मारून येतात. एकेका मुलाचा दोर सुटत गेला. भिंगरीचा राहिला. कारण मला विचारलं की मी ‘अजून थोडं’ म्हणायचो. मोसम संपत आला तरी माझं थोडं संपेना.

“बाबा, कोचबाई म्हणाल्या मला येतंय,” भिंगरी रोज सांगायची. “तू हो म्हण ना. सगळे तळ्यावर जाणारेत.”

“सगळ्यांचे वडील वेगळे आहेत,” मी म्हणायचो.

हो म्हणण्याआधी चार जाणत्यांचं मत घ्यावं, असा मी विचार केला. इथे माझी चूक झाली, कारण जाणते आमच्याच इमारतीत राहतात. वरच्या मजल्यावरचे हाडांचे डॉक्टर नुसतं घोडा म्हटल्याबरोबर खुर्चीत पुढे सरकले. “मनगट!” ते म्हणाले. “लहान मुलं हमखास मनगटावर पडतात. पण घाबरू नका, या वयात हाड इतकं सुंदर जुळतं की बघत राहावं.” त्यांनी मला जुळलेल्या हाडांचे कितीतरी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरून दाखवले. बोलताना त्यांचा चेहरा फुलला होता. मी घरी आलो आणि भिंगरीचं मनगट हातात घेऊन बराच वेळ बसलो.

खालच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिकांचं मत उलट होतं. “मुलांना मोकळं सोडलं पाहिजे. पडू दे, धडपडू दे, त्याशिवाय उभं राहायला कशी शिकणार?” एवढं म्हणून त्या खिडकीशी गेल्या आणि अंगणात चेंडू खेळणाऱ्या मुलांवर ओरडून आल्या. आल्यावर त्यांनी मोकळेपणावरचं भाषण पुढे चालू केलं.

विमा उतरवावा म्हणून विम्याच्या कचेरीत गेलो. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, “घोडा तुमचा?”

“नाही. मुलगी आमची.”

“मुलगी पडली तर आमच्याकडे या. घोडा पडला तर त्याच्या मालकाकडे जा. दोघं एकदम पडले तर वरच्या मजल्यावर विचारावं लागेल.”

मी वर निघालो. पहिल्याच वळणावर सवयीने कठडा हलवला आणि तो हलला. कर्तव्य म्हणून मी तिथल्या तिथे जिना बंद करण्याची नोटीस लावली. त्यामुळे वरच्या मजल्यावर मलाही जाता येईना. वर अडकलेले साहेब जेवणाच्या सुट्टीत खाली बघून मला जे बोलले ते मी इथे लिहीत नाही.

शेवटी कोपऱ्यावरच्या गादीवाल्याकडे गेलो. त्याने ‘सिंगल की डबल’ असं विचारलं, मी मुलीच्या मापाची म्हणालो. त्याने पाठ, पोट, कोपर आणि गुडघे झाकणारा एक कापसाचा पोशाख शिवला, वर टाके घातले. काम उत्तम होतं. तो पोशाख घालून भिंगरी उभी राहिली की तिचे हात खाली येत नसत. घोड्यावर बसायला वाकता येईना, म्हणून तिला उचलून ठेवावं लागलं. दुपारने मान वळवून बघितलं, पाठीवर एक तक्क्या ठेवलेला तिला दिसला आणि ती शिंकली. रिंगणातली मुलं हसली. भिंगरी हसली नाही. दोराच्या टोकाला ती गोल गोल फिरत राहिली आणि मी कुंपणाला टेकून बघत राहिलो. धुकं, टापांचा तोच तोच आवाज, ऊन अजून कोवळं. माझा डोळा लागला. स्वप्नात मी एका ढगाला कठडा बसवत होतो आणि ढग दर वेळी कठड्याबाहेर वाढत होता.

त्या संध्याकाळी भिंगरी जेवताना म्हणाली, “उद्या मी जाणार नाही.”

“का गं?”

“भीती वाटते.”

मी घास तसाच ठेवला. वर्षानुवर्षं मला ज्या वाक्याची आस लागली होती, ते ऐकून मला हायसं वाटायला हवं होतं. ते काही वाटलं नाही. ही मुलगी कपाटावर चढते, कुत्र्यांच्या तोंडात हात घालते, अंधारात एकटी गाणी म्हणते. तिच्या तोंडात तो शब्द परका वाटत होता. मी तिच्याकडे बघितलं तर ती ताटात बोटाने गोल काढत होती.

ती झोपल्यावर बायको म्हणाली, “ती भीती तिची नाही हो. तुमची तिला घातलीत. गादीवाल्याकडून निदान तिच्या मापाची तरी करून घ्यायची.”

मला हे लागलं. रात्रभर मी कुशी बदलत राहिलो. तिला इतक्या दिवसांत मी एकही गोष्ट धड दिली नव्हती, ना दोर सोडायची परवानगी, ना ठाम नकार. आता ती आपणहून दोर मागेनाशी झाली होती आणि हे असंच राहिलं तर जन्मभर ती कुठल्या ना कुठल्या कठड्याला धरून चालेल, अशी मला धास्ती वाटली. सकाळी उठलो तो निर्णय घेऊनच. जी गोष्ट आपण स्वतः हलवून पाहिलेली नाही तिच्यावर सही करायची नाही, हा खात्याचा नियम. मग घोडीवर आधी मीच बसणार. भिंगरीला म्हटलं, “तू नुसती बघायला चल.” ती पोशाख घालून आली. कशाला, असं मी विचारलं तर म्हणाली, “बघताना पण पडायला होतं.”

कोचबाईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि एक भक्कम स्टूल आणून दिलं. हेल्मेट चढवलं, पाय रिकिबीत अडकवला, दुपारने उसासा टाकला आणि मी वर गेलो. तिथवर सगळं रीतसर झालं. कोचबाई दोर आणायला तबेल्यात वळल्या. मी खोगीर दोन्ही हातांनी धरलं आणि हाताला सवय, म्हणून गदागदा हलवलं.

दुपार चालायला लागली.

“हलवू नका!” कोचबाई आतून ओरडल्या. “ती दुधाच्या गाडीला होती! बाटल्या भरल्या की गाडी हलवायचे, मग निघायची ती!”

एव्हाना दुपार फाटकाशी पोहोचली होती. फाटक सताड उघडं होतं. दगडाची अडण लावलेल्या त्या आपत्कालीन मार्गातून आम्ही दोघं अगदी नियमानुसार बाहेर पडलो. बाकीचे घोडेही त्याच दिशेने बघू लागले, तेव्हा कोचबाईंना माझ्यामागे धावण्याऐवजी आधी फाटक लावावं लागलं.

पहिल्या वळणापर्यंत मी ‘थांब’, ‘उभी राहा’, ‘कृपया’ असे सगळे शब्द वापरले. मग माझ्या लक्षात आलं की दुपार घाई करत नाहीये. ती रस्त्याच्या कडेने, झोपेत चालल्यासारखी चालली होती, आणि प्रत्येक जुन्या घरापुढे थांबत होती. थांबायची, जरा वाट बघायची, कोणी बाटल्या उचलल्या असतील इतका वेळ गेला की पुन्हा निघायची. तिच्या डोक्यात कुठली तरी जुनी पहाट चालू होती आणि मी त्या पहाटेतून नेला जात होतो.

हे कबूल करायला जड जातं, पण वरून गाव वेगळं दिसतं. ज्या गल्लीतून मी रोज जातो तिच्यात भिंतींच्या पलीकडे बागा आहेत, हे मला माहीत नव्हतं. एका माडीच्या खिडकीत एक बाई केस विंचरत होती, ती मला बघून थांबली नाही, फक्त जरा हसली. एका भिंतीवरचं मांजर आणि मी एकाच उंचीवर आलो आणि आम्ही एकमेकांकडे नीट बघून घेतलं. कोणाच्या तरी गच्चीवर ओली चादर वाऱ्याने हळूहळू भरत होती आणि रिकामी होत होती. माझे खांदे कधी खाली आले ते कळलं नाही. धरायला काहीच नव्हतं, आणि मी पडत नव्हतो.

मग आमची इमारत आली आणि दुपार दारात थांबली. हाडांचे डॉक्टर सज्जात दात घासत होते. “पडू नका!” ते फेसातून ओरडले. “आणि पडलात तर मनगट सांभाळा, नाहीतर जरा थांबा, मी खाली येतो!” मुख्याध्यापिका दारात आल्या, दुपार त्यांच्याकडे वाट बघत राहिली, आणि त्या ओशाळून तिला म्हणाल्या, “आम्ही आता पिशवीतलं घेतो गं.” ते ऐकूनही दुपार हलली नाही.

तेवढ्यात भिंगरी धावत आली. तो कापसाचा पोशाख तिने काखेत मारला होता, कारण तो घालून धावता येत नव्हतं. केस विसकटलेले, गाल लाल. “बाबा!” तिला दम लागला होता. “लागलं का?”

“नाही.” मी मुख्याध्यापिकांच्या अंगणाच्या भिंतीवर एक पाय टाकला, दुसरा रिकिबीतच राहिला आणि काही काळ मी दोन्हीकडे होतो. डॉक्टरांनी खाली येऊन मला मनगटाला धरूनच उतरवलं. मी शाबूत निघालो म्हणून ते किंचित खट्टू झाल्यासारखे वाटले.

कोचबाई मागून चालत आल्या. “आता हिला परत न्यायची कोणी?” त्या म्हणाल्या आणि भिंगरीकडे बघितलं. भिंगरीने माझ्याकडे बघितलं.

“भीती वाटते,” ती हळूच म्हणाली.

“मलाही वाटली.”

“मग?”

“मग नंतर वाटेनाशी झाली. तिथून बरंच काही दिसतं.”

“काय दिसतं?”

मी सांगायला तोंड उघडलं. ती खिडकी, ते मांजर, ती चादर सगळं ओठांवर आलं होतं. “सांगत नाही,” मी म्हणालो. “वर बस आणि बघ. नाहीतर चालत जाऊ. तुझं तू ठरव.”

ती बराच वेळ दुपारकडे बघत राहिली. मग तिने तो पोशाख माझ्या हातात दिला.

“हेल्मेट मात्र हवं,” मी म्हणालो आणि माझं काढून तिच्या डोक्यावर घातलं. ते सैल होतं. कोचबाईंनी पट्टा ओढून नीट बसवलं.

“दोर मात्र गडबडीत तबेल्यातच राहिला,” कोचबाई म्हणाल्या.

लगेच मुख्याध्यापिका कपडे वाळत घालायची दोरी सोडायला धावल्या. डॉक्टरांनी बँडेजची अख्खी गुंडाळी आणतो म्हणून सांगितलं. सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या तोंडात नेहमीचं ‘अजून थोडं’ तयार होतं.

“नको,” मी म्हणालो. “दोर नको.”

भिंगरी भिंतीवरून वर चढली, लगाम हातात घेतला आणि घोडीच्या मानेवर थोपटून ‘चल’ म्हणाली. दुपार निघाली. कोचबाई पुढे चालत होत्या आणि मी बाजूने, हात भिंगरीच्या पायाजवळ ठेवून. पुढे रस्ता अरुंद झाला, एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला गटार, तेव्हा मला मागे व्हावं लागलं. दुपार एखाद्या दाराशी थांबली की मी गाठायचो, निघाली की पुन्हा मागे पडायचो. दर वेळी अंतर जरा वाढत होतं. भिंगरीने एकदाही मागे बघितलं नाही. तिची मान कधी इकडे, कधी तिकडे वळत होती, भिंतींच्या पलीकडे.

गल्लीच्या टोकाला वळण आहे. त्यापुढे जुनी घरं नाहीत, म्हणून दुपारला थांबायचं कारण उरलं नाही आणि तिने दुडकी धरली. आधी कोचबाई धावतच वळल्या, मग घोडी आणि मग ते मोठं हेल्मेट. मी वळणापाशी आलो आणि थांबलो. आणखी थोडं पुढे गेलो असतो तर दिसली असती. मला कोणी अडवलं नव्हतं. पण मी कोणाच्या तरी पायरीवर बसलो आणि टापा ऐकत राहिलो. ऊन छान होतं.

टापा लांब जात राहिल्या. मग पलीकडून तिचं हसणं ऐकू आलं. मोठ्याने, एकटीचं, कोणाला ऐकवण्यासाठी नसलेलं. माझ्यासाठी तर मुळीच नव्हतं.